वकीलबाईंना विचारा : धाकटीचा हिस्सा

तृतीयपंथीयांना खरोखर समान हक्क आणि सन्मान मिळतो का, असा प्रश्न मागच्या अंकात आला होता. जागा कमी होती, म्हणून उत्तर चार ओळींत दिलं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेते आहे. नावं, गावं काढून टाकली आहेत. साताऱ्या-सांगलीत माणूस ओळखायला गावाचं नावसुद्धा लागत नाही, तालुका पुरतो.

ताई, नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. वडील मार्चमध्ये वारले, आई आहे. मी थोरला, माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्न होऊन सासरी आहेत, आणि सगळ्यात धाकटा बारावीनंतर घर सोडून गेला. आता पुण्यात बाईमाणूस म्हणून राहतो, नाव बदललंय, सरकारी ओळखपत्रही काढलंय. अडीच एकर बागायत आहे, आलं आणि ऊस. वारस नोंद करायची आहे. चुलते म्हणतात, ‘तो ना मुलगा ना मुलगी, त्याचं नाव लावायचं कारणच नाही.’ भावकीतले एक जण म्हणाले, ‘उलट मुलगीच दाखवा, म्हणजे बहिणींबरोबर तिचंही हक्कसोड घेता येईल.’ मला अन्याय करायचा नाही. पण माझ्या मुलीसाठी स्थळं बघतोय आणि धाकटी गावात आली की लोक बोलतात. कायदा काय म्हणतो? – एक थोरला भाऊ

दादा, पत्रासोबत तुम्ही वारसांच्या प्रतिज्ञापत्राच्या कच्च्या मसुद्याची झेरॉक्स जोडली आहे. बरं केलंत, त्यावरून पत्रापेक्षा जास्त कळलं. अनुक्रमांक पाचसमोर ‘मुलगा’ लिहून खोडलंय, त्याच्या वर ‘मुलगी’ लिहून तेही खोडलंय आणि शेवटी नात्याचा रकाना कोरा ठेवून पुढे पेन्सिलीने पुण्याचा पत्ता लिहिलाय. पत्ता तुम्हाला ठाऊक आहे म्हणजे, फक्त पेनाने लिहायची हिंमत होत नाही.

आधी हिशोब सांगते. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरते. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा, मुलगा आणि मुलगी सारख्या हिश्श्याचे धनी असतात. तुमच्या घरात आई आणि चार भावंडं, म्हणजे पाच. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असो की वडिलोपार्जित, आजोबांकडचे वाटेकरी आधीच वेगळे झाले असतील तर तुमच्या घरापुरती बेरीज एकाच आकड्यावर येते. शंभर गुंठ्यांत प्रत्येकी वीस. महाराष्ट्राने 1994 साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, 2005 साली केंद्राने तो सगळ्या मुलींना दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलीसुरली शंका मिटवली. म्हणजे धाकटीला मुलगा लिहा की मुलगी, वीस गुंठ्यांचे एकवीस होत नाहीत आणि एकोणीसही होत नाहीत.

आता चुलत्यांचा मुद्दा. वारसा कायद्यात ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ एवढेच शब्द आहेत, तिसरा नाही, हे खरं. ही कायद्यातली उणीव आहे आणि ती आजवर कुणी भरली नाही. पण चुलते त्यातून जो निष्कर्ष काढतात तो त्या कायद्याला मान्य नाही. कलम 25 म्हणतं, ज्याने खून केला त्याला त्या मेलेल्याची मिळकत मिळणार नाही. आणि कलम 28 म्हणतं, रोग, व्यंग किंवा या कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणावरून कुणाचा वारसा बुडणार नाही. ‘दुसऱ्या कुठल्याही कारणावरून’ हे शब्द 1956 पासून तिथे आहेत. तुमच्या धाकटीने खून केलेला नाही, साडी नेसली आहे.

तलाठी भाऊसाहेबांकडे प्रतिज्ञापत्र देताना एक वारस जाणूनबुजून गाळलात तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. आज नोंद धरली जाईल, सर्कल मंजूरही करतील, पण फेरफाराने मालकी ठरत नसते. ती उद्या प्रांतांकडे अपील करील, नाहीतर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावील, आणि त्या दाव्यात तुमचं आलं चार वेळा निघेल आणि चार वेळा लागेल. माझ्या टेबलावर सख्ख्या भावांचे असे दावे आहेत की ज्यांच्या वकिलांचे केस त्यातच पिकले. नात्याच्या रकान्यात तिच्या ओळखपत्रावर जे आहे तेच लिहा, नवं नाव लिहा, ‘पूर्वीचं नाव’ म्हणून जुनं लिहा आणि प्रमाणपत्राची सत्यप्रत जोडा. नाव बदलल्याचं राजपत्र तिने केलं असेल तर त्याचीही.

राहिले भावकीतले ते हुशार गृहस्थ. त्यांची गंमत वाटली. इतकी वर्षं गावात कुणी तिला मुलगी म्हणायला तयार नव्हतं आणि आता हक्कसोडाच्या कागदापुरती सगळी भावकी एका रात्रीत पुरोगामी झाली. दादा, तुमच्या बहिणींचं हक्कसोड घ्यायचं ठरलेलंच आहे असं पत्राच्या सुरावरून दिसतं. त्यांना विचारलंत का? हक्कसोडपत्र राजीखुशीने, दुय्यम निबंधकासमोर, समजून उमजून करायचा दस्त आहे. आमच्याकडे मात्र राखीपौर्णिमेला साडी दिली की ते आपोआप होतं अशी समजूत आहे. तृतीयपंथीयांना बरोबरी मिळते का, असं मला विचारतात तेव्हा मी विचारते, कुणाशी बरोबरी? तुमच्या घरात तिला बहिणींशी बरोबरी मिळाली तर तिच्या हातात काहीच पडायचं नाही. तिला तुमच्याशी बरोबरी हवी, आणि बहिणींनाही.

मुलीच्या स्थळाचं म्हणता. येणारे लोक विचारतील, हे मी नाकारत नाही. साताऱ्यात स्थळ बघायला आलेले लोक विहिरीचं पाणी किती फुटांवर आहे हेही विचारतात. त्यांना सांगा, मुलीची एक आत्या पुण्यात असते. एवढ्यावरून उठून जाणारं घर पुढे कशा-कशावरून उठेल, याचा विचार मुलीच्या बापाने करावा. पण धाकटीने गावात येऊच नये अशी व्यवस्था करू नका. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात कुणाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षेचा. तुम्ही त्या थराला जाणार नाही. चुलत्यांना मात्र हे कलम वाचून दाखवा, मोठ्याने.

आणखी एक. वडिलांच्या दहाव्याला तिला कळवलं होतं का, हे पत्रात कुठेच नाही. कळवलं नसेल तर प्रतिज्ञापत्राच्या आधी तो फोन करा.

मा. वकीलबाई, मी सांगलीतला निवृत्त शिक्षक. जुन्या वळणाचा नाही. परंतु 2014 चा निकाल झाला, 2019 चा कायदा झाला, ओळखपत्रं झाली, मंडळ झालं. आणखी किती हक्क हवेत? माझ्या नातवाच्या बारशाला चार जणी आल्या, पाच हजार मागितले, नाही म्हटल्यावर शिव्याशाप आणि नको ते प्रकार. सन्मान हवा असेल तर वागणूकही सन्मानाची हवी ना? हक्कांबरोबर कर्तव्यं येत नाहीत का? – एक शिक्षक

गुरुजी, धमकी देऊन पैसे काढणं हा गुन्हा आहे, मग टाळी वाजवणारे हात कुणाचेही असोत. तुमच्या दारात झालं ते वाईट झालं आणि तुम्ही पोलिसात जाणार असाल तर अर्ज मी फुकट लिहून देईन. पण त्या चौघींच्या वागण्यावरून तुम्ही सगळ्यांचा सन्मान थांबवून ठेवलात. शाळेतली चाळीस वर्षं आठवा. एका पोराने काच फोडली म्हणून सगळ्या वर्गाला नापास केलंत का कधी? खंडणी मागणारे पुढारी आपल्याकडे काय कमी आहेत? त्यांच्या जातीच्या सगळ्या लोकांना चांगल्या वागणुकीचा दाखला आणायला आपण सांगत नाही.

आता ‘सगळं मिळालं’ याबद्दल. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला, त्यात दोन गोष्टी होत्या. आपलं लिंग काय हे माणूस स्वतः सांगेल, ही एक. आणि या लोकांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात, नोकरीत आरक्षण द्या, ही दुसरी. पहिली बऱ्याच खटपटींनी कायद्यात आली. दुसरीचं काय झालं? शेजारच्या कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का जागा ठेवल्या, मिरजेहून एसटीने थोड्याच वेळात तुम्ही त्या राज्यात असता. आपल्याकडे 2022 च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. डिसेंबरात उच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले, तेव्हा तिसरा पर्याय आला, आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला आणखी वेळ लागला. तामिळनाडूत प्रीतिका यशिनी कोर्टातून लढून फौजदार झाली तो निकाल 2015 चा. म्हणजे आपल्याला गिरवायला पाटी तयार होती.

दुसरी गोष्ट शिक्षेची, आणि ही ऐकून माझ्या बाररूममधले पुरुष वकीलसुद्धा गप्प होतात. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर 2019 च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. पूर्वी निदान जुन्या दंड संहितेतलं 377 कलम, ‘अनैसर्गिक’ संबंधांचं, जोडता यायचं. 2018 मध्ये न्यायालयाने त्यातून राजीखुशीचे संबंध वगळले, जबरदस्तीसाठी ते शिल्लक होतं. 2024 च्या 1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. गुरुजी, तुम्ही गणित शिकवायचात का ठाऊक नाही, पण दहा आणि दोन यांत बरोबरी कशी लावायची ते मला सांगा.

आणि दारात येण्याचं म्हणाल, तर 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसं नोंदली गेली, त्यातली महाराष्ट्रात 40,891. त्यांच्यातले साक्षर 56 टक्के, देशाचे 73. कितीजणांनी त्या रकान्यावर खूण करायचं धाडस केलं असेल ते सोडा, पण केलेल्यांत हे प्रमाण आहे. आठवी-नववीत वर्गात थट्टा सुरू होते, मास्तरही हसतात (तुम्ही हसला नसाल), दाखला निघतो, घर सुटतं आणि पोर गुरूच्या डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घरात जातं. तिथे जेवण मिळतं, नाव मिळतं आणि दुकानादुकानांतून पैसे मागायला बाजाराचा एक पट्टा मिळतो. डेऱ्यात सगळं गोडच असतं असं माझं म्हणणं नाही. गुरूचा वाटा, दंड, एकीच्या पट्ट्यात दुसरी शिरली म्हणून मारामारी, याच्या तक्रारी माझ्याकडेही येतात. पण त्या डेऱ्यातून बाहेर पडून करायचं काय? माझी एक अशील टायपिंग शिकली, मराठी चाळीस शब्द गतीने. नोकरी लागेना, म्हणून निदान कर्जासाठी कागद करू म्हणाली. एका कार्यालयाच्या खिडकीवर कारकुनाने तिचं आधार कार्ड हातात घेतलं, फोटोकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि मागच्या टेबलाला हाळी दिली, ‘अरे इकडं ये, हे बघ काय आलंय.’ कोण आलंय नव्हे, काय. रांगेतले लोक हसले. काम झालं, शिक्का बसला, कायद्याचा कुठलाही भंग झाला नाही. तिने घरी जाताना मला सांगितलं, मॅडम, दुकान मागताना पण हसतात, पण तिथे दहा रुपये मिळतात.

तरी लोक सगळीकडे असेच आहेत असं नाही. आपल्या फलटण, माणच्या शिवेपलीकडे माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, छाननीत तो बाद झाला, औरंगाबाद खंडपीठाने 2021 च्या जानेवारीत तो बसवून दिला आणि गावाने त्यांना निवडून आणलं. तिथे कागद अडला होता, गाव अडलं नव्हतं. तुमच्या सांगलीत तर ‘संग्राम’सारखी संस्था नव्वदच्या दशकापासून अशा टाकलेल्या माणसांबरोबर काम करते आहे. पायी जाण्यासारखं अंतर असेल, एकदा जाऊन बोला. कर्तव्यांची यादी बरोबर न्या, त्यांच्याकडेही एक यादी असेल.

मॅडम, मी कराडला शिकते. माझं घर पाटण तालुक्यात आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगा आहे. ओळखपत्रासाठी दवाखान्यात तपासणी करावी लागते का? घरच्यांची सही लागते का? कॉलेजात कुणाला सांगावं?

बाळा, 2020 च्या नियमांप्रमाणे तपासणी नाही. अठरा पूर्ण असतील तर घरच्यांची सहीही नाही. केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही भरायचे, ते साताऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. कराड आणि पाटण दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे रहिवासाची अडचण नाही. नियमाने तीस दिवसांत प्रमाणपत्र यायला हवं. त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ असं येईल. शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ असं हवं असेल तेव्हा पुन्हा वेगळा अर्ज आणि त्या वेळी मात्र वैद्यकीय कागद लागतो. 2014 चा निकाल असं मागत नव्हता, कायद्याने मागितलं. त्यावर वाद आहे आणि माझं मत निकालाच्या बाजूने आहे. कॉलेजात कायद्याने एक तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. कार्यालयात जाऊन त्यांचं नाव लेखी विचार. नेमलेलाच नसेल तर तुझ्या अर्जामुळे नेमतील. प्रतिज्ञापत्र करायला कुणाकडेही पाचशे-हजार देऊ नकोस.

ताई, मी जतकडची. लेकरू पंधराचं हाय, नववीत. लहानपणापासून बांगड्या, ओढणी, चालणं-बोलणं सगळं पोरीचं. घरात म्हणत्यात आई यल्लम्मा लागली, यात्रेला नेऊन देवीला सोडूया. मालकांनी एका बाबाला दाखवलं, त्यानं चटके दिलं. आता शाळेतनं दाखला काढायचा म्हणत्यात. पोरगं जेवंना झालंय. मी काय करू? शेजारच्या पोरीकडनं लिहून घेतलंय.

ताई, आधी चटक्यांचं. ज्या बाबाने चटके दिले त्याने गुन्हा केला आहे. आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी जन्म घालवला तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये आला, आणि भूत-देवीच्या नावाखाली माणसाला मारणं, चटके देणं त्यात गुन्हा आहे. जखम सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कशाने झाली ते खरं सांगा. मालक पुन्हा तिकडे न्यायला लागले तर 1098 लावा, लहान मुलांसाठी तो फोन रात्रीही उचलतात.

लेकराला काही लागलेलं नाही. असं असणं हा आजार नाही. ‘औषधाने नीट करतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथूनही उठा. 2022 पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असल्या ‘सुधारणुकी’ला डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे.

देवीबद्दल मी वाकडं बोलणार नाही. जतच्या यात्रेला माझी आजी पायी जायची, जोगत्यांच्या, म्हणजे देवीला सोडलेल्यांच्या पाया पडायची. गावाने ज्यांना दुसरीकडे कुठेच उभं केलं नाही त्यांना यल्लम्माच्या दारात उभं राहता आलं, चौंडकं वाजवून पोट भरता आलं. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती त्याच वाटेने गेल्या आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी सोसलं किती, तेही त्यांनीच सांगितलं आहे. मोठेपणी तुमच्या लेकराला देवीची परडी घेऊन जोगती व्हावंसं वाटलं तर ते त्याचं ते बघेल. पंधराव्या वर्षी घरच्यांनी नेऊन सोडायचं, याला मी भक्ती म्हणत नाही. खाणारं तोंड आणि बोलणारं गाव, दोन्ही एकदम मिटवायची ती सोय आहे. कायद्यानेही मूल ट्रान्सजेंडर आहे एवढ्या कारणावरून त्याला आईबापापासून कुणी तोडू शकत नाही. कोर्टाचा हुकूम असेल तरच, आणि तोही मुलाच्या भल्यासाठी.

मालकांशी बोलायचं माझ्यावर सोडा. पुरुषमाणसं बायकोचं ऐकत नाहीत, काळ्या कोटाचं ऐकतात, याचा मला राग आहे पण उपयोगही आहे. मासिकाच्या कार्यालयात माझा पत्ता मिळेल. रविवार सोडून कुठल्याही दिवशी लेकराला घेऊन या, जतहून साताऱ्याला यायला सकाळची गाडी धरावी लागेल. फी नाही. येताना दवाखान्याचा कागद आणा, आधार कार्ड आणा. शाळेचा दाखला आणू नका, तो शाळेतच राहू दे.